डबलसीटचा हिशेब

रॉयल एनफील्डची सुपर मिटिऑर ६५० ही मोटारसायकल नोव्हेंबर २०२२ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली आणि जानेवारी २०२३ मध्ये भारतात विक्रीला आली, तेव्हापासून ती घ्यावी की नाही या प्रश्नाने माझ्या मनात ठाण मांडले होते. माझे वय ५४, पत्नीचे ५१, दोन्ही मुले आपापल्या मार्गाला लागलेली, मुलगी नोकरीनिमित्त बंगळूरुला. आणि दाराशी २०१४ साली घेतलेली थंडरबर्ड ३५०, जिच्यावर आम्ही दोघांनी कोकण, कोल्हापूर, गोवा आणि एकदा हंपी एवढा प्रवास केला आहे. निर्णय आता झाला आहे. तो कसा झाला ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण मोठी क्रूझर, म्हणजे लांब पल्ल्यासाठीची बुटकी, ऐसपैस मोटारसायकल, घेण्याच्या विचारात असलेल्या माझ्या वयाच्या अनेकांशी मी गेल्या दोन-तीन वर्षांत बोललो आणि जवळजवळ प्रत्येकाने मला इंजिनाविषयी सांगितले. मागे बसणाऱ्या माणसाविषयी फार थोडे जण बोलले.

मोठी गाडी हवीशी का वाटत होती, ते आधी प्रामाणिकपणे सांगायला हवे. थंडरबर्डचे वजन १९२ किलो. माझे ७८, पत्नीचे ६२ आणि तीन-चार दिवसांच्या प्रवासाचे सामान २० किलो धरले की रस्त्यावर एकूण ३५२ किलो होतात आणि ते ओढायला जेमतेम २० अश्वशक्ती असते. म्हणजे टनामागे सुमारे ५७. ताम्हिणी चढताना किंवा आंबोलीच्या वळणांवर समोर भरलेला ट्रक असेल, तर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हते, दुसरा टाकावा लागतो, आणि ट्रकला मागे टाकण्यासाठी समोरचा रस्ता जितका मोकळा दिसायला हवा तितका घाटात क्वचितच दिसतो. सुपर मिटिऑरचे वजन २४१ किलो असले तरी तिच्या ६४८ सीसीच्या जोडसिलिंडर इंजिनाची शक्ती ४७ अश्वशक्ती आहे. तोच भार धरून हिशेब केला तर टनामागे ११७, म्हणजे दुपटीहून थोडे अधिक. डबलसीट आणि सामानासह घाट चढणाऱ्याला या आकड्याचे मोल सांगावे लागत नाही.

वेगासाठी मात्र मला ती नको होती. चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे आणि मागे पत्नी बसलेली असताना ती ओलांडावी असे मला आजवर कधी वाटलेले नाही. ८०च्या वेगात इंजिन निवांत चालावे, हँडल आणि पायटे (पाय ठेवायचे दांडे) थरथरू नयेत, संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर तळहात बधिर झालेले नसावेत, एवढीच अपेक्षा होती. एका सिलिंडरची जुन्या धाटणीची गाडी ८०ला पोहोचली की तिची थरथर हाडांपर्यंत जाते, आणि मागे बसणाऱ्याकडे तर धरायला हँडलही नसते. पायट्यातून आणि सीटमधून जे येईल ते तसेच सोसावे लागते.

दुसरे आकर्षण उंचीचे. सुपर मिटिऑरचे आसन जमिनीपासून ७४० मिलिमीटरवर आहे. माझी उंची साडेपाच फूट, त्यामुळे दोन्ही पाय सपाट टेकतात, आणि डबलसीट चालवणाऱ्याला ही गोष्ट जिवाभावाची असते. मागचा माणूस चढताना, उतरताना, सिग्नलला थांबल्यावर जरासा एका बाजूला कलला तरी दोन माणसांसह तो सगळा भार चालवणाऱ्याच्या एका पायावर येतो. याच कारणासाठी मी नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या रॉयल एनफील्डच्याच हिमालयन ४५०चा विचार सोडला होता. तिच्या मागच्या सस्पेन्शनचा पल्ला, म्हणजे चाकाला वर-खाली हलायला मिळणारी जागा, २०० मिलिमीटर आहे, खड्ड्यांसाठी ती केव्हाही सरस. पण तिचे आसन ८२५ मिलिमीटरवर आहे, आणि मागे बसायला पत्नीला अक्षरशः गाडीवर चढावे लागले. तिची उंची पाच फूट एक इंच. शोरूममध्ये दोनदा चढून उतरल्यावर तिने मान हलवली आणि मी तो विषय तिथेच संपवला.

आता मुख्य मुद्दा. क्रूझरचे रूप पाहिले की ती दोघांसाठीच बनवली आहे असे वाटते: रुंद सीट, पाठीला टेकू, लांब चाकअंतर. ही घडण अमेरिकेतल्या लांबलचक सरळ रस्त्यांवर रुजली. आसन खाली आणायचे तर मागचे शॉक आखूड ठेवावे लागतात; सुपर मिटिऑरच्या मागच्या चाकाचा पल्ला १०१ मिलिमीटर आहे. (माझ्या थंडरबर्डचा तर ८०च आहे, हेही लक्षात घ्यायला हवे.) मागे बसणाऱ्याचे वजन जवळपास मागच्या आसावरच पडते, त्यामुळे खड्ड्याचा दणका पुढच्यापेक्षा त्याला जास्त बसतो. शिवाय क्रूझरवर चालवणाऱ्याचे पाय पुढे असतात. उभट बसणीच्या गाडीवर खड्डा दिसला की आपण पायट्यांवर भार देऊन सीटवरून अर्धा इंच उठतो आणि दणका गुडघ्यांत जिरतो. पाय पुढे असले की उठता येत नाही आणि तो दणका सरळ माकडहाडातून मणक्यात जातो. मागच्या माणसाचे पायटे त्याच्या खालीच असल्यामुळे त्याला उठता येते खरे, पण त्याला खड्डा दिसत नाही. समोर फक्त चालवणाऱ्याची पाठ आणि हेल्मेट असते.

पत्नीला २०२१ मध्ये कमरेचा त्रास झाला होता. फिजिओथेरपीने तो बरा झाला, पण त्यानंतर सलग दीड तासाहून अधिक बसायचे नाही असा आमचा नियम आहे. त्यामुळे शोरूमने दिलेल्या पाच किलोमीटरच्या चक्करवर मला निर्णय घ्यायचा नव्हता. त्या फेरीत मी एकटाच होतो, रस्ता गुळगुळीत होता आणि गाडी मला अतिशय आवडली होती, ही तिन्ही कारणे मला सावध करायला पुरेशी होती. गेल्या डिसेंबरात भाड्याने गाड्या देणाऱ्या एका व्यावसायिकाकडून काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची तीच गाडी तीन दिवसांसाठी घेतली. पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करून दिवेआगर. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी, मंडणगड, महाड, पोलादपूर आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. तिसऱ्या दिवशी पसरणी घाट उतरून वाई आणि सुरूरला महामार्गाला लागून पुणे. घाट, किनारा, खराब रस्ता आणि महामार्ग हे चारही प्रकार यात येतात, म्हणूनच हा मार्ग ठरवला होता.

निघण्यापूर्वी मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, दोन माणसांसाठी वाढवून घेतला. अनेकांचा समज असतो की त्याने शॉक कडक होतो. प्रत्यक्षात स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, भाराखाली बसलेली गाडी फक्त वर येते आणि दबायला जागा उरते. जमिनीपासून फक्त १३५ मिलिमीटर उंच पोट असलेल्या गाडीला कोकणातल्या गावागावांतल्या गतिरोधकांवर ही जागा लागतेच. दोघांच्या हेल्मेटला ब्लूटूथ इंटरकॉम लावला. आजवर आमची भाषा खांद्यावर थोपटण्याची होती, एकदा म्हणजे हळू आणि दोनदा म्हणजे थांबा. आता मी "खड्डा" म्हणायचो आणि ती त्याच क्षणी पायट्यांवर भार देऊन उठायची. या एका सोयीने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेही पडला नाही, आणि मोटारसायकलच्या जातीशी तिचा काही संबंध नव्हता.

मुळशीपर्यंत मी मनातल्या मनात गाडी घेऊन टाकली होती. ताम्हिणीच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये गाडी हूं की चूं न करता वर गेली, आणि ब्रेक लावल्यावर पत्नीचे हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आदळण्याचे प्रमाण फारच कमी झाले. हा माझा जुना मापदंड आहे. गिअर बदलताना, ब्रेक लावताना गाडीला हिसका बसला की मागचे हेल्मेट पुढच्यावर टक्कन आपटते, आणि तो आवाज म्हणजे चालवणाऱ्याला मिळालेली समज असते. इंजिनात ताकद मुबलक असली की गिअर कमी वेळा बदलावे लागतात आणि मागच्या माणसाची मान तेवढीच कमी हलते. पाठीचा टेकू पत्नीला मनापासून आवडला. वाऱ्याविषयी तिचे मत वेगळे पडले: पुढच्या काचेने माझी छाती झाकली जात होती, पण ती थोडी उंच बसत असल्यामुळे काचेवरून आलेला वारा नेमका तिच्या हेल्मेटवर आपटत होता.

माणगाव ओलांडून म्हसळ्याच्या रस्त्याला लागल्यावर वेग ४०-५०वर आला आणि तिथून पुढे एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागली. दिवेआगरहून श्रीवर्धनकडे आरावीवरून जाणारा किनाऱ्याचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की तिथे ४०च्या वर जावेसे वाटतच नाही. उजवीकडे समुद्र, मध्येच सुरूची बने, वळणापलीकडे गाय किंवा शाळेतून परतणारी मुले. त्या वेगात ४७ अश्वशक्ती आणि २० अश्वशक्ती यांत मागे बसलेल्या माणसाला काहीही फरक जाणवत नाही. जाणवतात ते खड्डे, आणि जाणवते गाडीचे वजन. हरिहरेश्वरच्या अरुंद गल्लीत समोरून टेम्पो आला तेव्हा पत्नीला उतरवून मला गाडी उतारावरून मागे घ्यावी लागली. २४१ किलोची गाडी चढाच्या दिशेला मागे ढकलणे म्हणजे काय, हे आकडा वाचून कळत नाही. थंडरबर्डपेक्षा ती ४९ किलोंनी जड आहे; एका सिमेंटच्या पोत्याएवढा हा फरक गाडी चालत असताना पूर्ण विरघळून जातो आणि थांबली की सगळाच्या सगळा परत येतो.

बागमांडल्याच्या धक्क्यावर वजनाचा हा फरक पुन्हा भेटला. फेरीबोटीच्या उताराला भरतीचे पाणी लागून शेवाळ धरलेले असते. तिथे पत्नी नेहमी आधी उतरून चालत बोटीत जाते आणि मी एकटा गाडी घालतो, हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. या वेळी पुढचा ब्रेक किंचित जास्त दाबला गेला, चाक हातभर सरकले आणि गाडी डाव्या पायावर आली. पडली नाही, कारण आसन खाली असल्यामुळे पाय घट्ट टेकलेला होता आणि बोटीवरच्या एका तरुणाने मागून कॅरिअर धरले. पण त्या क्षणी मांडीत जी कळ आली ती महाबळेश्वरपर्यंत उरली होती. आणखी दहा वर्षांनी मी ६४चा असेन, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हिशेबात शिरला.

आंबेनळीने मात्र पुन्हा गाडीची बाजू घेतली. पोलादपूर ते महाबळेश्वर चाळीसेक किलोमीटरच्या त्या घाटात एकामागून एक वळणे आहेत, आणि कमी फेऱ्यांवरही इंजिनाने दोघांना असे अलगद वर नेले की पत्नी इंटरकॉमवर प्रतापगडाच्या बाजूचे डोंगर मला वर्णन करून सांगत होती. आमच्या जुन्या गाडीवर त्याच घाटात ती गप्प असते, कारण ती माझ्याइतकीच पुढच्या ट्रककडे लक्ष ठेवून असते. हे मी विसरणार नाही.

तिसऱ्या दिवशी सुरूरहून पुण्याकडे निघालो. खरे तर ही गाडी ज्याच्यासाठी घडलेली आहे तो रस्ता हाच: बोगद्यातून खंबाटकी पार, पुढे शिरवळ, सहाव्या गिअरमध्ये ८०, इंजिनाचा फक्त एक मंद गुंजारव. मला अपरिमित आनंद झाला. मागे मात्र पूर्ण शांतता होती. शिरवळच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा पत्नीने हेल्मेट काढून टेबलावर ठेवले आणि ती म्हणाली, "अहो, गाडी खूप चांगली आहे, मला काहीच तक्रार नाही. पण या रस्त्यावर मी तुमच्यासाठी बसते. कोकणात माझ्यासाठी बसते."

मी बराच वेळ काही बोललो नाही. माझ्या मनातल्या या गाडीच्या सगळ्या चित्रांत पुणे-बंगळूरु महामार्ग होता: सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूरु आणि संध्याकाळी लेकीच्या दारात. सुमारे ८४० किलोमीटरची ती दोन दिवसांची मजल मी नकाशावर कितीतरी वेळा मारली होती, आणि त्या मजलीला दीड तासाच्या नियमाचे काय करायचे हा प्रश्न प्रत्येक वेळी टाळला होता. पत्नीला दोन्ही बाजूंनी ट्रक, तापलेला डांबरी पट्टा आणि तासन्‌तास तीच एक पाठ बघत बसण्यात गोडी नव्हती. तिला हवे होते ते ४०च्या वेगात दिसणारे सगळे.

आणि आपल्याकडे मोठ्या क्रूझरला असे रस्ते तरी किती उरतात? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, जून २०२५ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर आहे, अटल सेतूवरही आहे. सुरक्षेच्या दृष्टीने त्या बंदीशी मी सहमत आहे. जिथे मोटारी १००-१२०ने धावतात तिथे दोन चाकांवर पत्नीला घेऊन जाण्याची माझी इच्छा नाही. पण याचा अर्थ असा की ज्या रस्त्यावर या इंजिनाचा खरा उपयोग होईल तो आमच्यासाठी प्रामुख्याने ४८ क्रमांकाचा महामार्ग, आणि नेमका तोच पत्नीला नको आहे. तिला हव्या असलेल्या रस्त्यांवर हलकी गाडी, मऊ शॉक आणि चांगली सीट यांचीच किंमत आहे.

पैशांचा विचार मी मुद्दाम शेवटी केला, कारण गाडी योग्य ठरली असती तर पैसे उभे करण्याची तयारी होती. २०२३ मध्ये टेकू आणि काच असलेला तिचा वरचा प्रकार शोरूम किमतीत ३ लाख ७९ हजारांच्या आसपास होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याहून मोठ्या इंजिनांवर, जिथे उपकरासह ३१ टक्के लागत होता, तो ४० टक्के झाला. नोंदणी, कर आणि विमा धरून आता आकडा पाच लाखांच्या घरात जातो. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. २०२२ च्या दरांनुसार तो १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आणि त्यावरच्या इंजिनाला १५,११७ रुपये पडतो. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण हा सगळा शोध घेताना ती मला अतिशय महत्त्वाची वाटली: गाडीमालकाचा वैयक्तिक अपघात विमा हा फक्त मालक-चालकाचा असतो, मागे बसणाऱ्यासाठी वेगळा हप्ता भरून तो जोडून घ्यावा लागतो. हप्ता किरकोळ असतो. आम्ही अकरा वर्षे तो जोडलेला नव्हता. त्या आठवड्यात जोडला.

सुपर मिटिऑर आम्ही घेतली नाही. मला ती आजही तितकीच आवडते आणि ज्या जोडप्याला महामार्गाची ओढ आहे, ज्यांच्या कमरा धडधाकट आहेत आणि ज्यांच्याकडे गाडी वळवून लावायला सपाट जागा आहे त्यांनी ती जरूर घ्यावी, असे मी मनापासून सांगेन. आमच्या सोसायटीच्या उताराला ती रोज लावणे-काढणे मला जमले असते, पण ६०नंतर जमले असते का, याचे उत्तर मला देता आले नाही. आंबेनळीसारखा घाट करायचा असेल त्या वेळी ती तीन दिवस भाड्याने मिळते. मुलीकडे आम्ही उद्यान एक्सप्रेसने जातो.

थंडरबर्डची नोंदणी २०२९पर्यंत आहे. तिच्यावर सुमारे ४० हजार रुपये खर्च करायचे ठरले: दोन नवे गॅसचे शॉक, साखळी-स्प्रॉकेट आणि पुढचा टायर, दोघांची कोपर-खांद्याला कवच असलेली जाकिटे, स्वतःचे इंटरकॉम, आणि मागची सीट नव्याने. टेकू तिला मुळातच आहे. पत्नीच्या मते तो दीड इंच पुढे यायला हवा, म्हणजे कमरेच्या खोलगट भागाला नेमका टेकेल. गेल्या शनिवारी आम्ही नाना पेठेत सीट बनवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. माप मी देऊ लागलो तेव्हा त्याने मला थांबवले आणि विचारले, "मागे बसणार कोण? त्यांना बसू द्या." पत्नी गाडीवर बसली, त्याने खडूने खुणा केल्या, दोन थरांचा फोम सुचवला, खाली कडक आणि वर मऊ, आणि पुढच्या कडेला उतार दिला, जेणेकरून ब्रेक लागल्यावर ती घसरून माझ्यावर येणार नाही. सीट गुरुवारी मिळेल. रविवारी ताम्हिणीने माणगावपर्यंत जाऊन यायचे ठरले आहे, आणि फोम पुन्हा उघडायचा की नाही ते तीच सांगणार आहे.